पिल्लाची शी : काय पाहावे, केव्हा धावावे

मिरजेहून एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांनी जत तालुक्यातून कारवानी जातीचे नऊ आठवड्यांचे पिल्लू घरी आणले, त्याला आठ दिवस झाले. पिल्लू खेळकर आहे, खाण्याची तक्रार नाही. परंतु पहिले दोन दिवस नीट होणारी शी आता सकाळी घट्ट, दुपारी सैल आणि संध्याकाळी पिवळसर, चिकट होऊ लागली आहे, आणि परवा तिच्यात शेवईसारखा पांढरा, लांब किडा दिसला. सासूबाई पिल्लाला दिवसातून तीन वेळा म्हशीच्या दुधात भाकरी कुस्करून देतात. लहान पिल्लांचे असेच असते, दात येताना पोट बिघडतेच, असे यजमानांचे म्हणणे आहे; शेजाऱ्यांनी माणसांची जुलाब थांबवण्याची अर्धी गोळी सुचवली आहे. घरात चार वर्षांची मुलगी आहे. चांगली शी नेमकी कशी असते, कशाला घाबरायचे आणि कशाला नाही, कोरडे खाद्य सुरू करावे का, आणि पिल्लाची शी परसातल्या भाजीच्या वाफ्यात टाकली तर चालेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील दोन वाक्यांनी मला आधी दिलासा दिला : पिल्लू खेळते आहे आणि खाते आहे. शी पाहायची ती नेहमी पिल्लासकट पाहावी. तीच पातळ शी करून अंगणात चपलेमागे पळणारे पिल्लू आणि तीच शी करून कोपऱ्यात मान टाकून पडलेले पिल्लू, यांची गोष्ट पूर्णपणे वेगळी असते. तेव्हा तुमच्याकडची परिस्थिती आजच्या आज रात्री दवाखाना गाठण्याची नाही. तरीही ती आठवडाभर बघू म्हणून सोडून देण्याचीही नाही, कारण किडा डोळ्यांना दिसला आहे. उद्या किंवा परवा पिल्लाला पशुवैद्यांकडे न्यावे, शेजाऱ्यांची गोळी देऊ नये आणि म्हशीचे दूध आजपासून बंद करावे. सासूबाई मायेनेच देतात, त्यामुळे हे त्यांना कसे सांगायचे याची काळजी तुम्हाला वाटत असेल. माझे नाव पुढे करा.

आता चांगली शी कशी असते ते सांगतो. नऊ आठवड्यांच्या निरोगी पिल्लाची शी मध्यम तपकिरी रंगाची, वळकटीसारखी, मधूनमधून सांधे पडल्यासारखी आणि वरून किंचित ओलसर असते. तिचा घट्टपणा ओळखण्याची सोपी खूण अशी की वर्तमानपत्राच्या कागदात धरून फरशीवरून उचलली, तर ती आपला आकार धरून एकसंध वर येते आणि फरशीवर फार तर ओलसर डाग राहतो. फरशीला चिकटून राहून पुसावी लागत असेल तर ती सैल आहे. उचलताच आकार मोडून पिठल्यासारखी पसरत असेल तर पोट बिघडलेले आहे. आणि सुट्या, टणक लेंड्या पडत असतील, त्या टाकताना पिल्लू कुंथत असेल, तर पाणी कमी पडते आहे किंवा खाण्यात हाडे जास्त झाली आहेत. आम्ही पशुवैद्य यासाठी एक ते सात अशी श्रेणी वापरतो. त्यात एक म्हणजे कोरड्या लेंड्या, सात म्हणजे निव्वळ पाणी, आणि दोन ही उत्तम. तीन क्रमांकाची, जराशी मऊ शी पिल्लाच्या वयात अधूनमधून झाली तर मी तिची चिंता करत नाही.

तुम्ही लिहिलेला सकाळ-संध्याकाळचा फरक पुष्कळ घरांत दिसतो आणि त्याचे कारण समजले की अर्धी भीती जाते. मोठे आतडे मळातले पाणी शोषून घेते. रात्रभर आत राहिलेली सकाळची पहिली शी म्हणून घट्ट असते; दिवसभर खाणे आणि हुंदडणे चालू असल्याने पुढची शी आतड्यातून लवकर पुढे सरकते आणि शोषणाला वेळ कमी मिळतो. या वयाचे पिल्लू दिवसातून चार-पाच वेळा शी करू शकते, आणि बहुतेक वेळा जेवणानंतर पाच ते तीस मिनिटांत करते, कारण पोटात अन्न पडताच मोठ्या आतड्याला हालचालीची सूचना मिळते. जेवणानंतर त्याला ठरलेल्या जागी नेऊन उभे राहिलात, तर सवयही लागेल आणि शी तुमच्या डोळ्यांसमोर होईल. संध्याकाळची शी सकाळपेक्षा थोडी मऊ असणे मी स्वाभाविक मानतो. संध्याकाळची पिवळी आणि बुळबुळीत असणे मात्र स्वाभाविक मानत नाही.

शीला तपकिरी रंग येतो तो पित्तामुळे. यकृतातून आलेले पित्त आतड्यात उतरते, तिथल्या जिवाणूंमुळे त्यातील रंगद्रव्य बदलत जाते आणि शेवटी तपकिरी होते. अन्न फार घाईने पुढे सरकले की हा बदल पूर्ण होत नाही आणि शी पिवळी किंवा हिरवट पडते. गवत खाल्ल्यानेही हिरवी होते. सासूबाईंनी भाकरीवर हळदीचे वरण घातले असेल, तर पिवळेपणात तेही थोडे असू शकते; आपल्या सांगलीच्या हळदीचा रंग काही लपत नाही. राखाडी, फिकट, तेलकट दिसणारी शी वारंवार होत असेल तर पित्त नीट उतरत नाही किंवा स्वादुपिंड पाचकरस पुरेसा देत नाही अशी शंका येते, आणि अशी पिल्ले भरपूर खाऊनही वाळत जातात. तुमच्या पत्रात तसे काही नाही.

आता दुधाविषयी, कारण तुमच्या पिल्लाच्या तक्रारीचा मोठा भाग तिथेच असावा असे मला वाटते. दुधातली साखर पचवण्यासाठी आतड्यात एक विशिष्ट पाचकद्रव्य लागते. पिल्लू आईला पीत असते तोवर ते भरपूर तयार होते आणि दूध तुटल्यावर कमी होत जाते. त्यातून कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश जास्त, पण ही साखर गाई-म्हशीच्या दुधापेक्षा कमी असते. आईपासून नुकत्याच तुटलेल्या पिल्लाला दिवसातून तीन वेळा म्हशीचे दूध मिळाले की न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, आपल्याबरोबर पाणी ओढून घेते, तिथे आंबते, आणि मग पोटात गुडगुड, वारा आणि पिवळी, आंबूस वासाची पातळ शी असा क्रम सुरू होतो. जागा बदलली, आई आणि भावंडे सुटली, याचा ताणही पहिल्या आठवड्यात पोटावर येतोच. दूध बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत शीला आकार येऊ लागला, तर दोष दुधाचाच होता असे समजावे. प्यायला स्वच्छ पाणी सतत ठेवावे. सासूबाईंचे मन राखायचे असेल तर चमचाभर ताजे, गोड दही भातात कालवून द्यायला हरकत नाही. दही लागताना त्यातली साखर काही प्रमाणात कमी होते आणि बहुतेक पिल्लांना ते मानवते.

शेवईसारखा दिसलेला किडा हा गोलकृमी असणार. कुत्र्याच्या पिल्लात तो इतका सर्रास आढळतो की तो दिसला म्हणून पिल्लू देणाऱ्याला दोष देऊ नये. गाभण कुत्रीच्या शरीरात सुप्त राहिलेल्या या कृमींच्या अळ्या गर्भातच पिल्लांत उतरतात, आणि काही दुधातून जातात. म्हणून पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येते आणि म्हणूनच पिल्लांचे जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून दर पंधरा दिवसांनी, आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावे, असा सर्वसाधारण पाठ आहे. तुमच्या पिल्लाला यातले काय मिळाले आहे ते जतला फोन करून विचारा. काही मिळाले नसेल तर तेही पशुवैद्यांना स्पष्ट सांगा. औषध वजनावर ठरते. घरचा वजनकाटा असेल तर आधी पिल्लाला कडेवर घेऊन आणि मग एकट्याने उभे राहून वजन करा व वजाबाकी करा. नाहीतर किराणा दुकानातला काटाही चालतो, पण अंदाजाने मात्र देऊ नका. औषध दिल्यावर दिवस-दोन दिवस शीत जंतांचे पुंजके पडतात, त्याने घाबरून जाऊ नये. एका डोसात काम संपत नाही, कारण शरीरात फिरत असलेल्या अळ्यांपर्यंत औषध पोहोचत नाही आणि त्या पुढच्या दोन आठवड्यांत आतड्यात येऊन मोठ्या होतात.

दुसरा एक कृमी शीवर किंवा शेपटीखालच्या केसांत तांदळाच्या कणीसारखा किंवा काकडीच्या बीसारखा दिसतो, ताजा असेल तर किंचित वळवळतो. हे पट्टकृमीचे तुकडे असतात. हा पिसवांमधून येतो. अंग चावताना पिल्लू पिसू गिळते आणि तिच्याबरोबर कृमीची अळी पोटात जाते, त्यामुळे पिसवा काढल्या नाहीत तर औषध देऊनही तो काही आठवड्यांनी परत येतो. तुमचे पिल्लू मेंढवाड्याजवळ वाढले असेल तर त्याच्या पोटाखाली आणि शेपटीच्या मुळाशी केस मागे सारून एकदा पाहाच. तिसरा, अंकुशकृमी, हा सर्वांत घातक आणि डोळ्यांना सहसा न दिसणारा. तो आतड्याला चिकटून रक्त पितो, आणि लहान पिल्लाच्या अंगात रक्त ते किती असणार! म्हणून पिल्लाच्या हिरड्या रोज पाहण्याची सवय लावा. गुलाबी हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हिरड्या काळ्या असतील, तर डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहावा. तो पांढुरका वाटला तर थांबू नये.

तुम्ही जिला चिकट म्हणता, तो बहुधा आव आहे. मोठ्या आतड्याचे अस्तर स्वतःचे रक्षण करायला बुळबुळीत स्राव सोडते. शीवर क्वचित एखादी पारदर्शक तार दिसली तर ते चालते, पण जेलीसारखे आवरण रोज दिसू लागले तर आतडे चिडलेले असते. दुधाने, जंतांनी हे होतेच, शिवाय कॉक्सिडिया आणि जिआर्डिया नावाचे सूक्ष्म परोपजीवीही याचे कारण असतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि कॉक्सिडिया जंताच्या नेहमीच्या गोळीने मरत नाहीत. तीन-तीनदा जंताची गोळी दिली तरी पोट सुधारत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी म्हणूनच आधी शी तपासून घ्यायला सांगतो.

तपासणीसाठी नमुना आणण्याचेही शास्त्र आहे. एका गृहस्थांनी मला श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात नमुना आणून दिला होता. डबा कोरडा, झाकण घट्ट, वर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख, वेळ आणि "दुपारच्या जेवणानंतरची" एवढी नोंद. शी दोन तासांपूर्वीची होती आणि तिच्यात माती नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली दहा मिनिटांत निदान झाले. आदल्या रात्री अंगणात पडलेली, मुंग्या लागलेली शी कागदात गुंडाळून आणली तर तेवढे सांगता येत नाही. सुपारीएवढा ताजा नमुना पुरतो. निघायला उशीर असेल तर डबा पिशवीत बांधून थंड जागी ठेवावा. शिवाय मोबाइलवर शीचे छायाचित्र काढून ठेवायला संकोच करू नका, कारण "थोडी पातळ होती" या शब्दांपेक्षा ते मला कितीतरी जास्त सांगते.

आता ज्या रंगांना घाबरायचेच ते दोन. शीवर लाल, ताज्या रक्ताचे थेंब असतील तर रक्त आतड्याच्या शेवटच्या भागातले असते. एखादा थेंब कुंथण्यानेही येतो, पण पुन्हा दिसला तर दाखवावे. डांबरासारखी काळी, चकचकीत, चिकट शी म्हणजे जठरातून किंवा लहान आतड्यातून आलेले, पचलेले रक्त. ती पांढऱ्या कागदावर घासली की कडेला लालसर छटा उमटते. लोहाचे टॉनिक चालू असेल तरीही शी काळपट होते, पण तिला कागदावर अशी छटा येत नाही. शंका राहिली तर घरच्या परीक्षेवर विसंबू नका.

यजमानांच्या दात येण्याच्या म्हणण्यावर मला थोडे थांबावे लागेल. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एक कुटुंब तीन महिन्यांचे पिल्लू टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आले. तीन दिवस जुलाब होते, पहिल्या दिवशी उलटीही झाली होती, आणि घरात सर्वांनी दात येत आहेत असे ठरवले होते. टॉवेल उघडला तेव्हा रक्तमिश्रित, पाण्यासारख्या शीचा तो विशिष्ट उग्र वास खोलीभर पसरला. ज्याने तो एकदा घेतला आहे त्याला पुन्हा विसरता येत नाही. तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणूजन्य आजार, होता. सलाइन लावले, रात्रभर आम्ही सर्व जण जागलो, आणि पहाटे पिल्लू गेले. पहिल्या दिवशी आले असते तर वाचलेच असते असे मी म्हणणार नाही, पण त्याला लढायला अंगात पाणी उरले असते. दात पडताना आणि येताना हिरड्या दुखतात, पिल्लू वस्तू चावते, त्यातले काही गिळून पोट बिघडू शकते. दातांमुळे जुलाब मात्र होत नाहीत. शिवाय दुधाचे दात पडू लागतात ते साधारण साडेतीन-चार महिन्यांनी. तुमचे पिल्लू अजून तिथे पोहोचलेलेच नाही.

पार्व्होचा विषाणू १९७८ साली प्रथम ओळखला गेला आणि तेव्हापासून सहा आठवडे ते सहा महिने वयाच्या पिल्लांचा तो मोठा काळ ठरला आहे. संसर्ग झाल्यावर बहुधा तीन ते सात दिवसांत लक्षणे दिसतात, आणि सुरुवात अनेकदा शीने न होता सुस्ती आणि अन्नावरची वासना उडण्याने होते. लसीची पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत द्यावी लागते, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकते. एक टोचणी झाली म्हणजे पिल्लू सुरक्षित झाले असे समजून त्याला कृष्णाकाठी किंवा बाजाराच्या रस्त्यावर, जिथे मोकाट कुत्र्यांची शी पडलेली असते, तिथे हिंडवू नये. विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीचे फिनेल त्याला पुरे पडत नाही. फरशी आधी धुऊन मग घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटे ठेवावा लागतो, आणि ती जागा धुऊन वाळेपर्यंत पिल्लाला दूर ठेवावे लागते.

तेव्हा तुमच्यासाठी धावण्याची खूण अशी धरा : पातळ शीबरोबर उलटी, शीत रक्त, खाणे सोडणे, अंग तापणे किंवा गार पडणे, हिरड्या कोरड्या व चिकट लागणे, यांतले एकही दिसले तर रात्र असली तरी निघावे. दोन-अडीच किलोच्या पिल्लाला पाण्यासारखे जुलाब चार-पाच वेळा झाले तरी त्याच्या अंगातले पाणी आणि रक्तातली साखर धोक्याच्या पातळीला येते. शेजाऱ्यांची गोळी मी याचसाठी नको म्हणतो. ती आतड्याची हालचाल बांधून टाकते. बाहेर पडू पाहणारे विष आत कोंडते, काही जातींच्या कुत्र्यांत थेट मेंदूवर परिणाम करते, आणि शी थांबल्यामुळे आपल्याला उगाच बरे वाटते. तिची अर्धी मात्राही पिल्लासाठी मोजलेली नसते.

साधे पोट बिघडले असताना पिल्लाला उपाशी ठेवू नये. मोठ्या कुत्र्याला एक जेवण चुकवता येते, या वयात तेही नको. मीठ, तेल, मसाला न घालता उकडलेली, हाडे काढलेली कोंबडी आणि मऊ भात, दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा द्यावा. शी सावरल्यावर मुख्य आहाराकडे वळावे. तुम्ही विचारलेल्या कोरड्या खाद्याबाबत माझे मत असे की पिल्लांसाठीचे, किमान २२ टक्के प्रथिने असलेले खाद्य घेणे परवडत असेल तर घ्यावे, कारण नुसत्या दूध-भाकरीवर कारवानीसारख्या लांब हाडांच्या पिल्लाची वाढ नीट होत नाही. घरचे अन्न द्यायचे असेल तर अंडी, मांस आणि कॅल्शियमचे प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे. बदल एकदम करू नये. पहिले दोन-तीन दिवस नव्या अन्नाचा चौथा हिस्सा, मग निम्मा, मग पाऊण, असे आठ-दहा दिवस घ्यावेत. पाकिटावरचे प्रमाण पाहूनच वाढावे, कारण अति खाणे हे सैल शीचे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. आणि आपल्या भागात विशेष सांगावेसे वाटते ते बेदाण्याविषयी. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. तासगावकडचा बेदाणा घरोघरी वाटीत ठेवलेला असतो आणि मुलगी प्रेमाने दोन दाणे पिल्लाला भरवू शकते, तेव्हा तिला हे आजच समजावून सांगा. भडंगही देऊ नये. त्यातला लसूण आणि वर घातलेला कांदा कुत्र्याचे रक्त नासवतो.

मुलीच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गोलकृमीची अंडी शीतून बाहेर पडताच संसर्ग करत नाहीत. मातीत ती पक्व व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि नंतर मात्र वर्षानुवर्षे टिकतात. ती मुलांच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात फिरतात आणि क्वचित डोळ्यालाही इजा करतात. अंकुशकृमीच्या अळ्या तर आठवडाभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. रोजची शी रोज उचलली तर हा धोका बहुतांशी टळतो. मातीत खेळल्यावर आणि पिल्लाला हाताळल्यावर मुलीचे हात साबणाने धुवा, नखे कापलेली ठेवा, आणि अंगणात तिला चप्पल घालू द्या.

भाजीच्या वाफ्यात मात्र शी टाकू नका. शेणखताची सवय असल्याने हे आपल्याला सहज सुचते, पण गाय गवत खाते, आणि कुत्र्याच्या शीतली कृमींची अंडी परसातल्या साध्या खतखड्ड्याच्या उष्णतेत मरतीलच असे नाही. मेथी-कोथिंबिरीच्या पानांवर ती पुन्हा तुमच्याच स्वयंपाकघरात येतील. भाजीपासून आणि विहिरीपासून दूर, हात-दीड हात खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबावी, किंवा कागदात गुंडाळून पिशवी बांधून कचरागाडीत द्यावी. उद्या दवाखान्यात जाताना पिल्लाचे वजन, ताजा नमुना आणि जतहून मिळालेली औषध-लसीची माहिती सोबत न्या, आणि जंताच्या दुसऱ्या डोसाची तारीख घरी आल्याबरोबर कालनिर्णयावर लिहून ठेवा.